फादर दिमित्री गॅलिट्झिन आणि लोरेटोची वस्ती: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत पिट्सबर्गहून २२ क्रमांकाच्या महामार्गाने पूर्वेकडे निघालेल्या मराठी कुटुंबांना ॲलेगेनी पर्वताच्या माथ्याजवळ ‘गॅलिट्झिन’ अशी पाटी दिसते, आणि पेनसिल्व्हेनियात हे रशियन नाव कुठून आले, असा प्रश्न पडतो. वसईकडच्या वाचकांचे प्रश्न निराळे असतात. त्यांना गुरुदीक्षा (धर्मगुरुपदाची दीक्षा), संतपद आणि मिशनकार्य यांविषयी जाणून घ्यायचे असते. दोन्हीकडून पुन्हापुन्हा आलेले प्रश्न येथे एकत्र केले आहेत. एका उत्तरातला मजकूर दुसऱ्यात पुन्हा येऊ नये म्हणून प्रश्नांना क्रमांक दिले आहेत.

१. फादर गॅलिट्झिन नेमके कोण होते?

दिमित्री ऑगस्टिन गॅलिट्झिन (१७७०–१८४०) हे रशियातील एका नामांकित सरदार घराण्यात जन्मलेले कॅथलिक धर्मगुरू होते. वयाच्या बाविसाव्या वर्षी ते अमेरिकेत आले, १७९५ मध्ये त्यांना गुरुदीक्षा मिळाली आणि १७९९ पासून मृत्यूपर्यंत, म्हणजे ४१ वर्षे, ते पेनसिल्व्हेनियाच्या डोंगराळ प्रदेशात राहिले. तेथे त्यांनी लोरेटो नावाचे गाव वसवले. ‘वसवले’ हा शब्द येथे अक्षरशः घ्यावा. जमीन घेणे, तिचे तुकडे पाडून कुटुंबांना देणे, गिरण्या उभारणे, आखणी करणे ही सारी कामे त्यांनी स्वतःच्या नावावर आणि स्वतःच्या कर्जावर केली.

२. त्यांचे आडनाव गोलित्सिन, गॅलिट्झिन की स्मिथ?

तिन्ही. घराण्याचे मूळ रशियन नाव गोलित्सिन. पश्चिम युरोपात ते ‘गॅलिट्झिन’ असे लिहिले जाई आणि अमेरिकेत तेच टिकले. स्मिथची गोष्ट अशी की, प्रवासात घराण्याचा गाजावाजा नको आणि खर्चही बेताचा राहावा म्हणून त्यांनी आईचे माहेरचे आडनाव श्मेटाउ धारण केले. अमेरिकन जिभेवर ते आधी ‘श्मेट’ झाले आणि शेवटी ‘स्मिथ’ होऊन स्थिरावले. १८०२ मध्ये त्यांनी अमेरिकन नागरिकत्व घेतले तेही ऑगस्टिन स्मिथ या नावानेच. आपल्याकडे गॅझेटात नाव बदलतात, तसे त्यांचे मूळ नाव परत मिळवायला पेनसिल्व्हेनियाच्या विधिमंडळाला डिसेंबर १८०९ मध्ये कायदा करावा लागला. जमिनीचे व्यवहार एका नावाने आणि वारशाचे दावे दुसऱ्या नावाने, हा घोळ मिटणे आवश्यकच होते. (जुनी कागदपत्रे पाहणाऱ्यांनी प्रश्न १८ पाहावा.)

३. ते ‘प्रिन्स’ होते, म्हणजे रशियाच्या गादीचे वारस होते का?

नाही. रशियन ‘क्न्याझ’ या पदवीचे भाषांतर ‘प्रिन्स’ असे केले जाते. तिचा अर्थ राजाचा मुलगा असा नसून उच्च कुळातील सरदार असा आहे. गोलित्सिन घराण्यात असे ‘प्रिन्स’ पुष्कळ होऊन गेले. मराठेशाहीच्या परिचयातले उदाहरण द्यायचे तर एखाद्या मातब्बर सरदार घराण्याची शाखा डोळ्यांसमोर आणावी, छत्रपतींची गादी नव्हे.

त्यांचे वडील दिमित्री अलेक्सेयेविच गोलित्सिन हे रशियाची साम्राज्ञी कॅथरीन हिचे राजदूत म्हणून प्रथम पॅरिसला आणि नंतर हेग येथे होते. आई अमालिया ही प्रशियाचे फील्डमार्शल श्मेटाउ यांची मुलगी. मुलाचा जन्म २२ डिसेंबर १७७० रोजी हेग येथे झाला. पुढे नेदरलँड्सचा राजा झालेला पहिला विल्यम हा त्याचा बालपणीचा सवंगडी होता.

४. रशियन ऑर्थोडॉक्स घराण्यातला मुलगा कॅथलिक कसा झाला?

बाप्तिस्मा ऑर्थोडॉक्स पद्धतीने झाला असला तरी घरात धर्माचे वातावरण जवळजवळ नव्हते. वडील व्होल्तेअर आणि दिदेरो या धर्मसत्तेवर टीका करणाऱ्या फ्रेंच विचारवंतांच्या वर्तुळातले होते. दिदेरोची ग्रंथसंपदा कॅथरीनने विकत घेतली त्या व्यवहारात त्यांचा हात होता आणि रशियाच्या प्रवासात दिदेरो हेगला त्यांच्याच घरी उतरला होता. मुलांना धर्म शिकवू नये, ही घरातली ठरवून पाळलेली रीत होती.

बदल आईच्या बाजूने झाला. ती मूळची कॅथलिक, पण धर्मापासून दूर गेलेली होती. मुलांच्या शिक्षणासाठी ती जर्मनीतील म्युन्स्टरला राहायला गेली, तेथील विद्वान धर्मगुरूंच्या सहवासात आली आणि १७८६ मध्ये पुन्हा कॅथलिक आचरणाकडे वळली. पुढच्याच वर्षी, सतरा वर्षांचा होण्याआधी, मुलाने कॅथलिक पंथ स्वीकारला आणि ऑगस्टिन हे नाव घेतले. आईच्या दबावाखाली हे झाले का, असे अनेक जण विचारतात. तिचा प्रभाव होता यात शंका नाही. परंतु मुलगा धर्मगुरू व्हायचे ठरवून बसला तेव्हा सर्वांत मोठा धक्का तिलाच बसला, हेही ध्यानात घ्यावे.

५. मग ते अमेरिकेतच का गेले?

धर्मगुरू होण्यासाठी ते मुळीच गेले नव्हते. सरदारांच्या मुलाने शिक्षण संपल्यावर युरोपचा प्रवास करावा अशी प्रथा होती. फ्रेंच राज्यक्रांतीमुळे ती वाट बंद झाली. काही काळ ते ब्राबांटमध्ये (आजच्या बेल्जियमच्या भागात) एका ऑस्ट्रियन सेनापतीचे सहायक होते, पण १७९२ मध्ये सम्राट लिओपोल्डचा अकस्मात मृत्यू आणि स्वीडनच्या राजाचा खून या घटनांनंतर परदेशी अधिकाऱ्यांना ऑस्ट्रियन सैन्यातून कमी करण्यात आले. तेव्हा, वॉशिंग्टनच्या नव्या प्रजासत्ताकाविषयी आदर असलेल्या वडिलांनी त्यांना दोन वर्षांच्या प्रवासाला अमेरिकेला धाडले. २८ ऑक्टोबर १७९२ रोजी ते बाल्टिमोरला उतरले. खिशात अमेरिकेचे पहिले कॅथलिक बिशप जॉन कॅरोल यांच्या नावे पत्र होते. ते पत्र दिल्यावर काही आठवड्यांतच ते सल्पिशियन या फ्रेंच संघाच्या धर्मगुरूंनी चालवलेल्या नव्या सेमिनरीत (धर्मगुरू घडवणाऱ्या विद्यालयात) दाखल झाले आणि युरोपला पुन्हा कधीही परतले नाहीत.

६. अमेरिकेत गुरुदीक्षा मिळालेले ते पहिले धर्मगुरू होते का?

सरळ उत्तर द्यायचे तर दुसरे. पहिले स्टीफन बॅडिन. त्यांना बिशप कॅरोल यांनी १७९३ मध्ये दीक्षा दिली. गॅलिट्झिन यांची दीक्षा १८ मार्च १७९५ ची. तरीही काही ठिकाणी ‘पहिले’ असा उल्लेख आढळतो आणि तो अगदीच चूक नाही. धर्मगुरुपदाच्या आधी खालच्या पायऱ्यांच्या दीक्षा घ्याव्या लागत. बॅडिन यांनी त्यांतल्या काही फ्रान्समध्ये घेतल्या होत्या. गॅलिट्झिन यांना पहिल्या पायरीपासून शेवटपर्यंत सर्व दीक्षा अमेरिकेतच मिळाल्या. या अर्थाने ते पहिले.

७. लोरेटोची वस्ती कशी उभी राहिली?

तिची मुळे गॅलिट्झिन यांच्या आधीची आहेत. मेरीलँडचे कॅप्टन मायकेल मॅग्वायर हे स्वातंत्र्ययुद्धातले अधिकारी १७८८ च्या सुमारास ॲलेगेनीच्या पश्चिम उतारावर येऊन राहिले आणि त्यांच्या मागोमाग काही कॅथलिक कुटुंबे आली. ‘मॅग्वायरची वस्ती’ हे तिचे पहिले नाव. १७९३ मध्ये मरताना मॅग्वायर यांनी चर्चसाठी ४०० एकर जमीन ठेवली. जमीन होती, माणसे होती, धर्मगुरू मात्र नव्हता.

तरुण फादर तेव्हा शंभराहून अधिक मैलांवरच्या, पेनसिल्व्हेनियातल्याच कोनेवागो येथे होते. १७९६ मध्ये वस्तीतल्या एका आजारी बाईने धर्मगुरूला बोलावणे धाडले आणि ते डोंगर ओलांडून गेले. ते ठिकाण त्यांच्या मनात बसले. १७९९ मध्ये वस्तीतल्या लोकांनी बिशपांकडे रीतसर अर्ज केला, तेव्हा गॅलिट्झिन यांची नेमणूक झाली.

पुढे काय झाले ते फेब्रुवारी १८०० मध्ये त्यांनी बिशप कॅरोल यांना लिहिलेल्या पत्रातून दिसते, आणि माझ्या मते त्यांच्या सगळ्या लिखाणात हे पत्र सर्वांत जिवंत आहे. सुगीच्या दिवसांत काम सुरू केलेले चर्च नाताळच्या आदल्या रात्री मिस्सा (कॅथलिक उपासना) होण्याजोगे तयार झाले: पांढऱ्या पाइनच्या ओंडक्यांचे, सुमारे ४४ फूट लांब आणि २५ फूट रुंद, वर लाकडी चिपांचे चांगले छप्पर. शेजारी त्यांच्यासाठी १६ फूट बाय १४ फुटांचे घर, एक छोटे स्वयंपाकघर आणि एक तबेला. सव्वादोनशे चौरस फूट म्हणजे मुंबईच्या चाळीतल्या बिऱ्हाडाएवढी जागा. पण या देशात आल्यापासून पहिल्यांदाच आपले स्वतःचे घर झाले, असे ते समाधानाने लिहितात, आणि ते आपल्याकडे टिको, अशी प्रार्थनाही करतात. पुढची चाळीस वर्षे (प्रश्न ८ ते १०) ठाऊक असलेल्या वाचकाला ही प्रार्थना जरा अडखळवते.

त्याच पत्रात चाळीस कुटुंबांचा उल्लेख आहे, आणि आसपास विखुरलेल्या कॅथलिकांना आपल्याजवळ येऊन राहण्यास आपण सतत सांगत आहोत, असेही आहे. त्यांच्या साऱ्या उद्योगाचे बीज या वाक्यात आहे. एकटा धर्मगुरू घोड्यावरून शेकडो मैल पसरलेल्या घरांपर्यंत पोहोचू शकत नाही. म्हणून घरेच चर्चभोवती आणायची. पुढे इटलीतील लोरेतो या तीर्थक्षेत्रावरून गावाला लोरेटो हे नाव मिळाले आणि १८१६ च्या सुमारास गावाची रीतसर आखणी झाली. ओंडक्यांच्या चर्चच्या जागी १८१७ मध्ये मोठे चर्च आले.

८. वस्तीसाठी पैसा कोठून आला? ते खूप श्रीमंत होते ना?

श्रीमंत होण्याची खात्री होती, श्रीमंत मात्र ते नव्हते. सारा गुंता या फरकातून निर्माण झाला.

त्या काळी जमिनीचे मोठे पट्टे दूरच्या शहरातल्या मालकांच्या हाती असत. डोंगरात येणाऱ्या गरीब आयरिश आणि जर्मन कुटुंबाजवळ कुऱ्हाड, एखादे जनावर आणि काम करणारे हात असत, रोकड नसे. गॅलिट्झिन यांनी मोठे पट्टे उधारीवर स्वतःच्या नावाने घेतले, त्यांचे लहान तुकडे केले आणि कुटुंबांना खरेदीपेक्षाही कमी दरात, लांबच्या हप्त्यांवर दिले. हप्ता वेळेवर आला तर ठीक. न आला तर तगादा लावण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता. मालकाचे देणे मात्र तारखेला उभे राहत असे. मधली तूट आईकडून येणाऱ्या रकमेतून आणि पुढे मिळणाऱ्या वारशातून भरून निघेल, हा त्यांचा हिशेब होता.

नुसती जमीन देऊन वस्ती होत नाही. धान्य पिकले तरी दळायला डोंगर उतरून जावे लागत असेल, तर माणूस दुसऱ्या वर्षी गाशा गुंडाळतो. म्हणून त्यांनी पाण्यावर चालणारी पीठगिरणी, लाकूड चिरण्याची गिरणी आणि कातडी कमावण्याचा कारखाना उभा केला. अनाथ मुले त्यांच्या घरी वाढत. औषध द्यायला वैद्य, कागद करायला वकील आणि अडचणीला सावकार तेच. व्याज न घेणाऱ्या सावकाराचे जे होते, ते त्यांचे झाले. त्यांनी वस्तीवर स्वतःचे सुमारे दीड लाख डॉलर घातले, असा आकडा सर्वसाधारणपणे दिला जातो.

त्यांना व्यवहार कळत नव्हता, असा शेरा पुष्कळदा मारला जातो. तो मला अर्धाच पटतो. कर्जाचा अंदाज त्यांचा चुकला, यात वाद नाही. पण जमीन बाजारभावाने आणि कडक वसुलीने दिली असती तर ती कुटुंबे तेथे रुजलीच नसती. शेजारची ब्यूला नावाची वेल्श वस्ती काही वर्षांतच ओस पडली, लोरेटो टिकले. त्यांचे नुकसान आणि गावाची वाढ या एकाच वहीच्या दोन बाजू होत्या.

९. वडिलांचा वारसा त्यांना का मिळाला नाही?

वडील १८०३ मध्ये वारले. त्या वेळी युरोपला येऊन हक्क सांभाळावा, असा आग्रह त्यांना झाला होता. ते गेले नाहीत. आपल्या शब्दावर इतकी कुटुंबे या रानात येऊन राहिली आहेत आणि आपल्या जागी उभा करण्यासारखा दुसरा धर्मगुरू नाही, हे त्यांचे कारण होते. आई १८०६ मध्ये वारली. पुढे १८०८ च्या सुमारास सेंट पीटर्सबर्गच्या सिनेटचा निर्णय कळला: कॅथलिक धर्म आणि धर्मगुरुपद या दोन कारणांमुळे त्यांना वडिलांच्या रशियातील मालमत्तेत वाटा नाही, सारी मालमत्ता बहीण मारियाना हिची.

बहिणीने निम्मा वाटा देण्याचे वचन दिले आणि काही रकमा पाठवल्याही. त्या आशेवर आणखी उधारी झाली. नंतर, १८१८ च्या सुमारास, तिने चाळिशी ओलांडल्यावर झाल्म घराण्यातील एका कर्जबाजारी प्रिन्सशी लग्न केले आणि पैशांचा ओघ आटला. वारशाच्या भरवशावर घर बांधू नये, हे आपल्याकडच्या कोणत्याही कोर्टाच्या आवारात ऐकायला मिळते; फादरांनी अख्खे गाव बांधले होते.

१०. कर्ज शेवटी फिटले का?

बहुतांशी फिटले, पण त्यात त्यांचे आयुष्य गेले. १८२७ मध्ये त्यांनी मदतीचे जाहीर आवाहन केले. देणगीदारांत स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणारे चार्ल्स कॅरोल होते, आणि पुढे सोळावे ग्रेगरी या नावाने पोप झालेले कार्डिनल कापेल्लारी हेही होते.

रशियन राजदूताची गोष्टही हमखास विचारली जाते. ती अशी सांगतात: राजदूताकडून फादरांनी काही हजार डॉलर उसने घेतले होते. वॉशिंग्टनमधील एका मेजवानीनंतर राजदूताने सिगार पेटवण्यासाठी एक कागद मेणबत्तीवर धरला. तो कागद म्हणजे फादरांनी लिहून दिलेले कर्जखत होते. गोष्ट म्हणून ती सुरेख आहे आणि जुन्या चरित्रांतून चालत आलेली आहे. हिशेबाच्या वहीतली नोंद म्हणून मात्र तिच्याकडे पाहू नये.

११. ते मिशनरी होते, तर त्यांनी स्थानिक आदिवासींचे धर्मांतर केले का?

नाही. मराठी वाचकाच्या मनात ‘मिशनरी’ म्हटले की गोव्यात सासष्टीत राहून मराठीत काव्य रचणारे फादर थॉमस स्टीफन्स किंवा १८१३ मध्ये मुंबईत उतरलेले अमेरिकन मराठी मिशनचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट येतात. अन्य धर्मीयांमध्ये जाऊन काम करणारे लोक, असा तो अर्थ आहे. कॅथलिक परिभाषेत मात्र जेथे धर्मग्रामाची (पॅरिशची) घडी बसलेली नाही असा कोणताही प्रदेश ‘मिशन’ असतो, मग तेथील लोक आधीपासून कॅथलिक का असेनात. गॅलिट्झिन यांचे लोक मेरीलँडहून, आयर्लंडहून आणि जर्मन प्रांतांतून आलेले कॅथलिकच होते. प्रोटेस्टंट शेजाऱ्यांपैकी काही जण त्यांच्यामुळे कॅथलिक झाले, ही गोष्ट वेगळी (प्रश्न १४ पाहा).

१२. मग ती जमीन रिकामी होती का? आधी तेथे कोण राहत होते?

‘रिकामे रान’ हा वसाहतकारांचा शब्द आहे. या डोंगरातून किटॅनिंगची पायवाट जात असे. लेनापी आणि शॉनी लोकांची ती जुनी ये-जा करण्याची आणि व्यापाराची वाट होती. १७६८ मध्ये फोर्ट स्टॅनविक्सच्या तहात हा प्रदेश पेनसिल्व्हेनियाने घेतला, पण तो तह हौडेनोसॉनी, म्हणजे सहा राष्ट्रांच्या संघाशी झाला होता. प्रत्यक्ष वावरणाऱ्या लेनापी आणि शॉनी लोकांना त्यात विचारले गेले नव्हते. मॅग्वायर आले तेव्हा त्या लोकांना पश्चिमेकडे रेटून वीस वर्षे झाली होती. गॅलिट्झिन यांनी कोणाला हुसकावले नाही, हे खरे. त्यांनी जी जमीन वाटली ती त्या तहामुळेच बाजारात आली होती, हेही खरे.

१३. वस्तीतले सगळे लोक त्यांच्यामागे होते का?

भक्तिपर चरित्रांवरून तसे वाटते, वस्तुस्थिती निराळी होती. १८०४ मध्ये लोरेटोचा केंब्रिया परगणा वेगळा झाला. (केंब्रिया हे वेल्सचे लॅटिन नाव, एबन्सबर्ग हे वेल्श लोकांचे गाव परगण्याचे मुख्य ठिकाण झाले.) त्या सुमारास जवळच मन्स्टर ही आयरिश वस्ती उभी राहिली आणि चर्च, बाजार व माणसे आपल्याकडे ओढण्याची चढाओढ लागली. हा ‘स्मिथ’ म्हणवणारा माणूस खरा कोण, याच्या नावावर इतकी जमीन कशी, असे प्रवाद उठले आणि तक्रारी बिशपांपर्यंत गेल्या. कॅरोल त्यांच्या पाठीशी राहिले.

फादरांचा स्वभावही मवाळ नव्हता. लष्करी शिस्तीत वाढलेला सरदाराचा मुलगा होता तो. पोशाखातला नखरा किंवा प्रार्थनेतली बेशिस्त दिसली की वेदीवरूनच खडसावत असे. एकदा चिडलेल्या जमावाने त्यांना घेरले तेव्हा जॉन वीकलंड नावाचा धिप्पाड वस्तीकर कुंपणाचा वासा उपसून मध्ये उभा राहिला आणि जमाव पांगला, ही आठवण त्या भागात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली.

१४. त्यांनी पुस्तके का लिहिली?

भांडणातून. १८१४ च्या आभारदिनी हंटिंग्डनमध्ये एका प्रोटेस्टंट धर्मोपदेशकाने प्रवचनात कॅथलिकांवर टीका केली. गॅलिट्झिन यांनी १८१६ मध्ये कॅथलिक तत्त्वांचे समर्थन करणारे पुस्तक छापून उत्तर दिले. अमेरिकेत छापल्या गेलेल्या अशा प्रकारच्या सुरुवातीच्या पुस्तकांत त्याची गणना होते. त्यानंतर प्रोटेस्टंट जनतेला उद्देशून एक आवाहन आणि पवित्र शास्त्राविषयी एक पत्र अशी आणखी प्रकाशने झाली. इंग्रजी ही त्यांची मातृभाषा नव्हती. घरात फ्रेंच आणि जर्मन चालत असे. तरीही लिखाण रोखठोक आहे.

१५. मिडलवेच्या ‘कापणाऱ्या भुताशी’ त्यांचा संबंध काय?

सध्या पश्चिम व्हर्जिनियात असलेल्या मिडलवे गावी लिव्हिंगस्टन नावाच्या शेतकऱ्याच्या घरात कपडे, चादरी आपोआप अर्धचंद्राकार कापल्या जातात, असा बोभाटा १७९० च्या दशकात झाला. तरुण गॅलिट्झिन १७९७ मध्ये चौकशीसाठी तेथे जाऊन राहिले. गेले संशय घेऊन, परतले ते हा प्रकार खरा आहे असे म्हणत. लोककथा म्हणून ती आजही चघळली जाते. त्यांच्या जीवनकार्यात तिला एवढेच स्थान आहे.

१६. ते बिशप का झाले नाहीत, आणि शेवटची वर्षे कशी गेली?

बिशपपदासाठी त्यांचे नाव एकाहून अधिक वेळा घेतले गेले आणि त्यांनी ते टाळले. कर्जदार बिशप झाला तर कर्ज धर्मप्रांताच्या गळ्यात पडेल, ही अडचण होतीच. वस्ती सोडायची नव्हती, हे खरे कारण असावे. १८२७ मध्ये त्यांनी पश्चिम पेनसिल्व्हेनियासाठी व्हिकर जनरलचे, म्हणजे बिशपांच्या कारभारी प्रतिनिधीचे, पद तेवढे स्वीकारले.

१८३४ मध्ये घोड्यावरून पडल्यामुळे खोगिरावर बसणे संपले. चाकांची गाडी त्या वाटांवर उलटत असे. म्हणून त्यांनी बर्फावरची घसरगाडी उन्हाळ्यातही वापरायला सुरुवात केली. त्याच वर्षी मदतनीस म्हणून आलेले जर्मन धर्मगुरू पीटर लेमके यांनी पुढे त्यांचे चरित्र लिहिले आणि त्यात पहिली भेट वर्णिली आहे. रानातून येताना त्यांना दोन दणकट घोड्यांनी ओढलेली घसरगाडी दिसली. तिच्यावर जुनाट कोट आणि रस्त्यात पडली तरी कोणी उचलणार नाही अशी टोपी घातलेला एक म्हातारा अर्धवट आडवा झाला होता. लेमके यांना वाटले, अपघात झालेल्या कोणाला तरी घरी नेत आहेत. जवळ आल्यावर पाहिले तर म्हातारा पुस्तक वाचत होता. लोरेटोचे फादर आपणच का, असे विचारल्यावर तो हो म्हणाला. आणि प्रिन्स गॅलिट्झिन? तोही मीच, असे उत्तर मिळाले.

१८४० च्या ईस्टरची मिस्सा ही त्यांची शेवटची मिस्सा ठरली. ६ मे १८४० रोजी, वयाच्या सत्तराव्या वर्षी, ते लोरेटोतच वारले. चाळीस कुटुंबांपासून सुरू झालेल्या त्या प्रदेशात तेव्हा कॅथलिकांची संख्या दहा हजारांच्या घरात गेली होती, असे मानले जाते.

१७. ते संत आहेत का? ‘देवाचा सेवक’ म्हणजे काय?

अद्याप नाहीत. संतपदाच्या वाटेवर देवाचा सेवक, वंदनीय, धन्यवादित आणि संत अशा चार पायऱ्या आहेत. २००५ मध्ये गॅलिट्झिन यांना पहिली, म्हणजे ‘देवाचा सेवक’ ही उपाधी मिळाली. तिचा अर्थ चौकशी अधिकृतपणे सुरू झाली, एवढाच.

वसईचे वाचक येथे संत गोन्सालो गार्सिया यांचे उदाहरण देतात आणि विलंब का, असे विचारतात. गोन्सालो गार्सिया १५९७ मध्ये नागासाकीला हुतात्मा झाले आणि त्यांना संतपद १८६२ मध्ये मिळाले, तेव्हा घाई तिकडेही नव्हती. आजच्या नियमांनुसार हुतात्म्याला ‘धन्यवादित’ घोषित करण्यासाठी चमत्काराची अट नसते. गॅलिट्झिन अंथरुणावर वारले. त्यामुळे त्यांच्या बाबतीत आधी सद्गुणांची छाननी आणि मग त्यांच्या मध्यस्थीने घडलेला, तपासून मान्य झालेला चमत्कार, असा क्रम लागतो.

१८. वंशावळ किंवा जुने दस्त शोधताना कोणत्या चुका होतात?

पहिली चूक नावाची. १८०९ पूर्वीचे दस्त आणि बाप्तिस्म्याच्या नोंदी ‘ऑगस्टिन स्मिथ’ या नावाखाली पाहाव्यात (प्रश्न २). दुसरी चूक व्यक्तीची. मॉस्कोचे लष्करी गव्हर्नर दिमित्री गोलित्सिन हे समकालीन, पण वेगळे गृहस्थ; संगीतकार बेथोव्हेनकडून तंतुवाद्यांसाठी चतुष्टये (चार वादकांच्या रचना) लिहून घेणारे निकोलाय गोलित्सिनही वेगळे. तिसरी चूक स्थळाची. १८०४ पूर्वी केंब्रिया परगणाच नव्हता, म्हणून त्याआधीची नोंद तेथील कचेरीत सापडली नाही की ती नष्ट झाली असे समजू नये. ती जुन्या परगण्यांच्या दप्तरात शोधावी.

१९. गॅलिट्झिन गावात त्यांचे घर पाहायला मिळेल का?

नाही, आणि ही चूक महामार्गावरच्या पाटीमुळे फार जण करतात. गॅलिट्झिन हे रेल्वेच्या बोगद्यांचे गाव आहे. पेनसिल्व्हेनिया रेलरोडने डोंगर पोखरला तो १८५० च्या दशकात, फादरांच्या मृत्यूनंतर. गावाला आणि पुढे प्रिन्स गॅलिट्झिन राज्य उद्यानाला त्यांचे नाव स्मरण म्हणून दिले गेले. पाहायचे ते लोरेटोत आहे. १८३२ मध्ये बांधलेले, घर आणि प्रार्थनालय एकत्र असलेले त्यांचे निवासस्थान तेथे उभे आहे. शेजारचे सेंट मायकेलचे दगडी चर्च मात्र त्यांचे नव्हे. लोरेटोत वाढलेले पोलाद उद्योगपती चार्ल्स श्वॉब यांच्या देणगीतून ते १९०१ मध्ये पुरे झाले आणि १९९६ मध्ये त्याला बॅसिलिकेचा (पोपकडून मिळणारा विशेष मानाचा) दर्जा मिळाला. चर्चसमोर फादरांचा ब्राँझचा पुतळा आहे, आणि त्याच्या खालच्या चौथऱ्यात त्यांची समाधी.